खोबणीसाठी छोटा टेबल सॉ घेताना: आधी खाच मोजा, मग पातं, मग मशीन

टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली विजेची करवत) घ्यायला निघालेला माणूस दुकानात तीन गोष्टी विचारतो. पातं किती इंची, मोटर किती वॉटची आणि शेवटचा भाव काय. फळ्या उभ्या चिरायच्या असतील तर हे प्रश्न ठीक आहेत. ड्रॉवरचा तळ किंवा कपाटाचा बॅकप्लाय बसवायची खोबण पाडायची असेल, तर यातल्या एकाही उत्तराचा फारसा उपयोग नाही. खोबणीत पातं लाकडात जेमतेम सहा ते नऊ मिलिमीटर शिरतं. तेवढ्याला दहा इंची पातं लागत नाही आणि मोटरीला घामही फुटत नाही. खोबण बिघडते ती फेन्स (फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी) तिरकी बसल्यामुळे, दातांचा आकार चुकल्यामुळे किंवा पात्यामागची पट्टी खाली न गेल्यामुळे.

म्हणून खरेदी उलट्या टोकाकडून सुरू करा.

टप्पा १: खोबण कागदावर उतरवा

जे काही बनवायचं आहे त्यातल्या सगळ्या खोबणींची यादी करा. प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा: रुंदी, खोली, लाकडाच्या रेषेच्या दिशेने की आडवी, आणि टोकापासून टोकापर्यंत जाणारी की मध्येच थांबणारी.

रुंदी लिहिताना ‘६ एमएम प्लाय’ या शब्दावर विसंबू नका. ते दुकानातलं नाव झालं. तुकडा हातात घेऊन व्हर्निअरने (मिलिमीटरचे बारीक भाग मोजणारं माप) तीन-चार ठिकाणी मोजा, ५.६ निघेल, कधी ६.२ही निघेल. एका बाजूला मायका लावायचा असेल तर तो लावूनच मोजा. मोजलेल्या जाडीत ०.२ मिमी मोकळीक मिळवली की खोबणीची रुंदी मिळते. प्लाय ५.६ असेल तर खोबण ५.८.

खोली फळीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त नको. १२ मिमीच्या ड्रॉवरच्या बाजूला ६ मिमी, १८ मिमीच्या कपाटाच्या बाजूला ६ ते ९. खोबणीच्या खाली काठापर्यंत किमान १० ते १२ मिमी लाकूड शिल्लक राहू द्या, नाहीतर ड्रॉवरमध्ये वजन पडल्यावर तो काठच सुटून येतो.

यादीत मध्येच थांबणाऱ्या खोबणी जास्त असतील तर इथेच थांबा. ते काम ट्रिमरचं (फिरत्या बिटने खाच पाडणारं हातातलं छोटं मशीन) आहे, ६ मिमीचा सरळ बिट आणि कडेचा गाइड लावून. चालू पात्यावर फळी वरून टेकवून मधूनच खोबण सुरू करण्याचा प्रकार व्हिडिओत सोपा दिसतो; त्या क्षणी पात्याचे मागचे दात फळी उचलून तुमच्या अंगावर फेकू शकतात. वर्षाला दोन-चार ड्रॉवरच करणार असाल तरी ट्रिमर पुरतो, पैसाही वाचतो आणि जागाही. लांब, सरळ, एकसारख्या खोबणी भरपूर असतील आणि शिवाय पट्ट्याही चिरायच्या असतील, तरच टेबल सॉचा विचार करा.

टप्पा २: पातं ठरवा

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कार्बाइड पात्यांचे दात आलटून-पालटून डावीकडे आणि उजवीकडे उतरते घासलेले असतात. प्लाय आडवा कापायला ते उत्तम. खोबणीत मात्र अशा दातांनी दोन्ही कोपऱ्यांत बारीक चर पडतात आणि मध्ये उंचवटा राहतो. तळ लपणार असेल तर चालून जातं. फळीच्या टोकाला खोबण उघडी दिसत असेल तर ते चर शिंगांसारखे डोळ्यांत खुपतात.

खोबणीला सपाट माथ्याच्या दातांचं पातं घ्या. ते ‘रिपिंग’ किंवा ‘फ्लॅट टॉप’ या नावाने मिळतं, दहा इंची पात्याला साधारण २४ दात. नुसते २४ दात मोजून खात्री करू नका, कारण २४ दातांची उतरत्या माथ्याची पातीही सर्रास विकली जातात.

*तपासा:* पातं उजेडात धरून सलग पाच दात समोरून पाहा. सगळ्यांचे माथे पटाशीच्या धारेसारखे सरळ आडवे हवेत.

आता दाताची रुंदी. पूर्ण जाडीच्या पात्याची कापरेघ, म्हणजे पडणाऱ्या कापाची रुंदी, साधारण ३ ते ३.२ मिमी असते, पातळ पात्याची २ च्या आसपास. ५.८ ची खोबण ३ मिमीच्या पात्याने दोन फेऱ्यांत होते: पहिली फेरी, मग २.८ मिमी सरकवून दुसरी. २ मिमीच्या पात्याला तीन फेऱ्या लागतात आणि प्रत्येक जास्तीच्या फेरीत चूक शिरायला जागा मिळते. पातळ पातं मोटरीवर हलकं पडतं हे खरं, पण सहा मिलिमीटर खोलीला भार असतोच किती? खोबणीसाठी जाड पातंच बरं.

पात्यावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. मधलं भोक मशीनच्या शाफ्टइतकंच हवं: १६, २०, २५.४, ३० अशी मापं फिरत असतात. मोठ्या भोकाला पातळ रिंग घालून काम चालवायचं असेल तर रिंग पात्यासोबत आलेली, घट्ट बसणारी असू द्या. पत्रा कापून केलेली नको.

*सावधान:* एका फेरीत रुंद खोबण पाडणारा डॅडो संच, म्हणजे दोन बाहेरची पाती आणि मधले चिपर, अमेरिकी व्हिडिओंमध्ये सतत दिसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक छोट्या मशीनचा शाफ्ट तेवढा लांब नसतो. युरोपच्या धाटणीच्या मशीनमध्ये तो मुद्दामच आखूड ठेवलेला असतो. दोन साधी पाती एकावर एक चढवून नट जेमतेम दोन आट्यांवर पकडायचा, हा जुगाड कुणी सुचवला तर त्याच्याकडून मशीनही घेऊ नका. नट पूर्ण आट्यांवर बसून शाफ्टचं टोक नटाच्या तोंडापर्यंत तरी यायला हवं.

टप्पा ३: कोणत्या जातीचं मशीन

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ६० ते १०० मिमी पात्याचे खेळण्याएवढे टेबल सॉ मॉडेल आणि छोट्या डब्या करणाऱ्यांसाठी ठीक आहेत. ३ मिमी एमडीएफ किंवा बारीक पट्टीत खाच पाडायची तर चालतील. दोन फूट लांबीची सागाची फळी त्यांच्या फेन्सला पेलत नाही.

सव्वाआठ इंची (२१० मिमी) आणि दहा इंची (२५४ मिमी) पात्याचे, उचलून नेता येणारे टेबल सॉ हाच घरगुती आणि छोट्या वर्कशॉपसाठी खरा पर्याय. दोघांत निवड करताना व्यास विसरा. सव्वाआठ इंचीची फेन्स चांगली असेल तर तेच घ्या. वजनाने हलकं असतं आणि फ्लॅटच्या बाल्कनीतून आत-बाहेर करता येतं. दहा इंचीचा फायदा तीन इंची जाड लाकूड चिरताना होतो.

तिसरी जात म्हणजे हातातली सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवलेली. साइटवर कितीतरी मिस्त्री याच्यावरच काम ओढतात आणि त्यांचा हात बसलेला असतो. नवख्याने मात्र हा मार्ग धरू नये: मागे पट्टी नाही, फेन्स दर वेळी दोन टोकांना क्लॅम्प लावून जुळवायची आणि बंद करायचं बटण टेबलाखाली.

*सावधान:* चार इंची मार्बल कटरला लाकडाचं दातेरी पातं लावून, त्यातही तो टेबलाखाली उलटा करून खोबण पाडणं कटाक्षाने टाळा. तो मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांच्या वेगाने, दात नसलेल्या डायमंड चकतीसाठी बनवलेला आहे. दातेरी पातं लाकडात अडकलं की हातातून सुटतो, आणि बोटं गेल्याच्या बऱ्याच कहाण्यांत हाच कटर असतो.

टप्पा ४: दुकानात हात लावून पाहायच्या गोष्टी

बॉक्सवरची माहिती वाचून मशीन घेऊ नका. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट अशा बाजारांत मशीन मांडून ठेवलेलं मिळतं. प्लग काढलेला आहे याची खात्री करून पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा. पहिल्या दोनपैकी एकीत जरी मशीन नापास झालं तरी बाकीचं बघायची गरज नाही.

राइव्हिंग नाइफ. पात्याच्या मागे उभी असलेली ही पोलादी पट्टी चिरलेलं लाकूड मागच्या दातांवर मिटू देत नाही. काही मशीनमध्ये ती पात्यापेक्षा उंच असते आणि वरचं संरक्षक झाकण तिच्यावरच बसवलेलं असतं. खोबणीत लाकूड आरपार कापलं जात नाही, त्यामुळे फळी पुढे जाऊन या उंच पट्टीवर आदळते. म्हणून झाकण काढून पट्टी पात्याच्या माथ्यापेक्षा जरा खाली घेऊन पक्की करता आली पाहिजे. दुकानदाराला ‘नाइफ खाली जाते का?’ एवढं विचारून गप्प बसू नका. करून दाखवायला सांगा. पट्टी नुसती काढून टाकता येते, हे उत्तर पुरेसं नाही. काढलेली पट्टी पुढे उभ्या चिरण्यालाही परत लावली जात नाही, हे कुठल्याही वर्कशॉपमध्ये दिसेल.

पट्टीची जाडी तिच्यावर कोरलेली असते. ती तुमच्या पात्याच्या दातांच्या रुंदीपेक्षा कमी आणि पात्याच्या चकतीपेक्षा जास्त हवी. पट्टी २.२ आणि दात २.० असतील तर फळी अर्ध्यात अडकणारच.

फेन्स. ती ५० मिमीवर आणून पकडा. पात्याच्या पुढच्या बाजूला आणि मागच्या बाजूला टेबलातल्या गेजच्या (फळी आडवी धरून ढकलायचं सरकतं साधन) खाचेपासूनचं अंतर मोजा. सोडा, लांब न्या, परत ५० वर आणा, मोजा. असं तीनदा. दर वेळी दोन्ही टोकांचं अंतर तेच यायला हवं. मग पकडलेल्या फेन्सचं मागचं टोक अंगठ्याने बाजूला रेटा. ते हललं तर फळीच्या दाबानेही हलेल, आणि खोबण एका टोकाला रुंद होईल. दुकानदार म्हणेल ‘ॲडजस्ट होतं हो’. तिरकेपणा ॲडजस्ट होतो. लवचिकपणा होत नाही.

फेन्सला स्क्रूची भोकं किंवा खाच आहे का तेही पाहा. कपाटाच्या दाराच्या (शटरच्या) फ्रेमच्या पट्टीला कडेवर उभी धरून खोबण पाडावी लागते, आणि त्यासाठी १५० मिमी उंचीची लाकडी फळी फेन्सला जोडावी लागते.

पात्याभोवतीची प्लेट. टेबलाशी समपातळीत बसते का हे बोट फिरवून कळतं. कोपऱ्यातल्या स्क्रूंनी वर-खाली करता आली तर उत्तम. पातळ पत्र्याची, मध्ये दाबली जाणारी प्लेट असेल तर तिथे फळी खाली बसते आणि खोबणीची खोली बदलते.

उंचीचं हँडल. फिरवताना मोकळी चाल किती आहे बघा. थोडी सगळ्यांतच असते. पाव फेरा रिकामा जात असेल तर नको.

टेबलातली खाच. १९ मिमीची असेल तर बाहेरचे गेज आणि घरी केलेली स्लेड (फळी धरून खाचेतून सरकणारा पाट) बसते. कंपनीच्या स्वतःच्याच मापाची असेल तर कायम त्यांच्याच सामानावर अवलंबून राहाल.

बटण. मोठं, गुडघ्याने दाबून बंद करता येईल असं. आणि वीज गेली, परत आली, तरी मशीन आपोआप सुरू होता कामा नये. लोडशेडिंगच्या गावात हे वॉटपेक्षा महत्त्वाचं. फक्त या तपासणीपुरता प्लग लावून दुकानदाराला बोर्डाचं बटण बंद-चालू करून दाखवायला सांगा.

टप्पा ५: वीज आणि जागा

१८०० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर चालताना आठ अँपिअरच्या आसपास घेतं, सुरू होताना त्याहून पुष्कळ जास्त. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटला लावू नका; गीझर-एसीचा १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. एक्स्टेंशन लागलंच तर तांब्याची २.५ चौरस मिमीची तार, पूर्ण उलगडलेली. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा मोह आवरा.

मशीनच्या पुढे आणि मागे फळीच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते. चार फुटी फळीला पुढे चार, मागे चार. मागे टेबलाच्याच उंचीचा आधार नसेल तर फळीचं टोक खाली झुकतं, अलीकडचं टोक वर उचललं जातं आणि खोबणीचे शेवटचे काही इंच उथळ निघतात.

टप्पा ६: घरी आणल्यावर जुळवणी

परत करायची मुदत संपण्याआधी हे उरका. प्लग काढून.

१. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलाच्या खाचेपासूनचं अंतर मोजा, मग तोच दात फिरवून मागे न्या आणि पुन्हा मोजा. फरक ०.१ मिमीपर्यंत चालेल. वेगवेगळे दात मोजलेत तर पात्याचा दोष मशीनच्या नावावर जाईल.

२. फेन्स त्याच खाचेला समांतर करा. फरक ठेवायचाच तर मागचं टोक पात्यापासून केसभर लांब असू द्या, जवळ कधीही नको. जवळ असेल तर फळी मागच्या दातांवर दाबली जाते आणि उलट फेकली जाते.

३. गुण्या पात्याच्या चकतीला लावा, दाताला नाही. ९० अंश जुळवून तिथला थांबा पक्का करा.

४. प्लेट टेबलाशी समपातळीत.

*तपासा:* टाकाऊ तुकड्यात एकाच फेरीची खाच पाडून तिची रुंदी मोजा. ३ मिमीच्या दातांनी ३.१ निघाली तर उत्तम. ३.५ निघाली तर पातं डगमगतंय. आधी पातं काढून फ्लँजमध्ये (पातं दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चकत्या) भुसा अडकलाय का बघा. बरेचदा तेवढंच असतं. साफ करूनही फरक पडला नाही आणि दुसऱ्या पात्यानेही तसंच झालं, तर मशीन परत.

टप्पा ७: पहिली खोबण

सगळ्या तुकड्यांची एक कड सरळ रंधून घ्या. ती फेन्सला टेकणारी कड. प्रत्येक तुकड्यावर तिच्या बाजूला पेन्सिलीने मोठी खूण करा. चार बाजूंच्या ड्रॉवरमध्ये तीन खोबणी खाली आणि एक वर, हा प्रकार खुणेशिवाय होतोच.

पात्याची उंची खालून वर चढवत आणा. जास्त वर गेलं तर नुसतं खाली घेऊन सोडू नका. मापाच्या खाली नेऊन परत वर चढवा, म्हणजे हँडलची मोकळी चाल निघून जाते.

दोन फेऱ्यांसाठी फेन्स दोनदा हलवण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. फेन्स दूरच्या फेरीवर कायमची पकडा. वरच्या उदाहरणात काठापासून खोबण १२ मिमीवर हवी, सरकवायचं २.८, म्हणून फेन्स दाताच्या जवळच्या कडेपासून १४.८ वर. आता १ मिमी मायक्याच्या दोन पट्ट्या आणि ०.८ ची एक चिकटवून २.८ चा जोड करा. चिकटवल्यावर परत मोजा. पहिल्या फेरीत हा जोड फेन्स आणि फळीच्या मध्ये, म्हणजे काप १२ वर पडतो. दुसऱ्या फेरीत जोड काढून घ्या. खोबण घट्ट आली तर जोडाला सेलोटेपचा एक थर चढवा, सैल आली तर एक थर उतरवा. फेन्सला हात लावायचाच नाही. एक जोड एका प्लायसाठी जपून ठेवता येतो.

आधी टाकाऊ तुकडा, मग खरे. खऱ्या प्लायचा तुकडा खोबणीत बसवून बघा: हाताने दाबून जायला हवा, हातोडी लागता कामा नये आणि उलटा धरल्यावर पडता कामा नये.

*सावधान:* खोबणीत पातं लाकडाखाली लपलेलं असतं, म्हणून हात निर्धास्त वरून जातो. फेरी संपताना फळीच्या मागच्या कडेतून ते बाहेर येतं, नेमकं तिथेच, जिथे हात ढकलत असतो. टोकाला पकड असलेला रुंद पुश ब्लॉक (फळी ढकलायचा ठोकळा) वापरा. बारीक काठीने फळी खाली दाबली जात नाही. हातमोजे घालू नका. बांगड्या, हातातला दोरा, मोकळी बाही बाजूला. डोळ्यांवर गॉगल. पात्याच्या रेषेत उभं राहू नका. तुकडा उचलायचा तो पातं पूर्ण थांबल्यावर.

खोबण बरोबर मधोमध हवी असेल, जशी शटरच्या फ्रेमला लागते, तर मोजत बसू नका. एक फेरी करा, फळी फिरवून दुसरी रुंद बाजू फेन्सला लावा, दुसरी फेरी. खोबण आपोआप मध्यावर येते.

टप्पा ८: आडवी खोबण

कपाटाच्या बाजूला फळ्या बसवायच्या आडव्या खोबणी फेन्सला अरुंद टोक टेकवून ढकलायच्या नाहीत. फळी वाकडी फिरते. गेज किंवा स्लेड वापरा. आरपार कापताना गेज आणि फेन्स एकत्र वापरू नये हा नियम बरोबर आहे, कारण सुटलेला तुकडा दोघांत अडकतो. खोबणीत तुकडा सुटत नाही, म्हणून गेजने ढकलताना फेन्सचा थांबा म्हणून वापर चालतो.

सपाट दात आडव्या रेषेत प्लायचा वरचा थर उचकटतात. दोन्ही कडांवर धारदार सुरीने रेघ मारून घ्या. कपाटाच्या सात फुटी बाजू मात्र छोट्या मशीनवर चढवूच नका. तिथे ट्रिमर आणि सरळ पट्टी.

टप्पा ९: खोबण काय सांगते

एका टोकाला सैल, दुसऱ्याला घट्ट: फेन्स सरकली किंवा फळीची कड वाकडी.

खोली कमी-जास्त: फळी वाकलेली, नाहीतर वरचा दाब कमी पडला. उंची न बदलता तीच फेरी परत मारा, बहुतेक वेळा सुधारते.

भिंत काळी पडली, जळका वास आला: फेन्सचं मागचं टोक आत आलंय, किंवा दातांवर चिकट थर बसलाय. पातं काढून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, पूर्ण कोरडं करून मगच चढवा. सागात दात लवकर बोथट होतात, त्यामुळे एवढं करूनही जळत असेल तर पातं धारेला द्या.

खोबण रुंद झाली आणि फळी टाकवत नाही: त्याच लाकडाची, रेषा त्याच दिशेने असलेली पट्टी खोबणीत पूर्ण भरून चिकटवा, एक दिवस सुकू द्या, रंध्याने पृष्ठभागाशी सपाट करा आणि मायक्याचा जोड एक थर पातळ करून खोबण पुन्हा पाडा. प्लायमध्ये ही दुरुस्ती करू नका. तिथे वरचा थर आणखी उचकटतो आणि चिकटवलेल्या पट्टीचा सांधा झाकला जात नाही, दुसरा तुकडा कापलेला बरा.